बरणी एका दिवसात भरायला हवी

गच्चीवर पिकवून खाऱ्या पाण्यात अख्खी मुरवायच्या लोणच्याच्या काकडीचा हिशेब बरणीपासून मागे मोजत करावा लागतो. एक लिटरच्या बरणीत सहा-सात सेंटिमीटर लांबीच्या २५ ते ३० काकड्या बसतात, वजनाने साधारण ५५० ते ६०० ग्रॅम. या सगळ्या एका आकाराच्या आणि एकाच दिवशी तोडलेल्या हव्यात. वेल ऐन भरात असला तरी दिवसाआड दोन-तीनच लोणच्याजोग्या काकड्या देतो. म्हणजे एका तोडणीत एक बरणी भरायची तर दहा वेल लागतात. कोशिंबिरीला दोन वेल पुरतात, म्हणून गच्चीवर बहुतेक जण दोनच लावतात आणि मग चार आज, तीन परवा अशा काकड्या फ्रिजमध्ये साठवत बसतात. काकडीला दहा अंशांखालचा गारवा सोसत नाही. तीन-चार दिवसांत सालीवर खोलगट पाणेरी डाग पडतात आणि असली काकडी बरणीत मऊच होते. दहा वेलांना जागा नसेल तर पाच लावावेत आणि बरणी अर्ध्या लिटरची घ्यावी, पण बरणी एका दमात भरावी.

पुण्यातल्या गच्चीवर आम्ही याचे वर्षाला दोन हंगाम घेतो. पहिली पेरणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तोडणी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दुसरी पेरणी ऑगस्टच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरताना, आणि तोडणी ऑक्टोबरभर, जमल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. यातला दुसरा हंगाम जास्त चांगला. जूनमध्ये पेरलेले वेल जोमाने वाढतात खरे, पण जुलै-ऑगस्टच्या झिमझिमीत पानं दिवसदिवस ओली राहतात आणि फळ धरायच्या सुमाराला केवडा हा बुरशीचा रोग येऊन पानं जाळून टाकतो. मार्चमध्ये पेरलं तर फुलं एप्रिलच्या अखेरीस येतात. तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा उन्हात नर फुलांचा सुकाळ होतो, मादी फुलं कमी येतात आणि जी येतात त्यातली बरीच गळतात.

बियाणं कोणतं, यावर निम्मं लोणचं ठरतं. लोणच्याची काकडी आखूड आणि भरीव असते. लांबी जाडीच्या साधारण तिप्पट, साल पातळ, अंगावर पुटकुळ्या आणि बारीक काटे, आतली बियांची पोकळी लहान. लांब, गुळगुळीत, जाड सालीच्या सॅलडच्या काकडीत खारं पाणी नीट मुरत नाही आणि मधला बियांचा भाग गिळगिळीत होतो. बाजारात पाकिटावर गर्किन किंवा पिकलिंग कुकुंबर असं लिहिलेलं असतं. कर्नाटकात आणि तामिळनाडूत १९९० च्या दशकापासून निर्यातीसाठी ही काकडी करारावर पिकवतात. तिथे प्रतवारी किलोमागे किती नग बसतात यावर होते. जितकी बारीक काकडी तितका भाव जास्त. आपल्याकडच्या पूना खिरा किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या हिमांगीसारख्या वाणांच्या काकड्या बोटाएवढ्या असताना तोडल्या तर लोणचं होतं, मात्र त्या दोन दिवस राहिल्या की आतून बियाळ होतात. कोकणातल्या तवशाचा इथे उपयोग नाही, ते मोठं होऊ देण्याचंच फळ आहे.

पाकीट घेताना त्यावर दोन गोष्टी शोधाव्यात. काही संकरित वाण जवळजवळ फक्त मादी फुलं देतात. त्यांच्या पाकिटात परागासाठी थोड्या वेगळ्या वाणाच्या बिया मिसळलेल्या असतात आणि ओळखू याव्यात म्हणून त्या रंगवलेल्या असतात. त्या वेगळ्या दिसल्या म्हणून टाकून देऊ नयेत, दहा वेलांत असा एक वेल असलाच पाहिजे. मात्र पाकिटातल्या सगळ्याच बिया गुलाबी किंवा निळ्या असतील तर ती बुरशीनाशकाची प्रक्रिया असते. अशा बिया भिजवू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरा प्रकार म्हणजे परागाशिवाय फळ धरणारे वाण. उंच इमारतीत, जिथे मधमाश्या क्वचितच येतात, तिथे हेच घ्यावेत. महाग पडतात, पण आठव्या-दहाव्या मजल्यावर दुसरा सोपा मार्ग नाही.

बारा बाय बारा इंचांच्या ग्रो बॅगेत साधारण २० ते २२ लिटर मिश्रण मावतं आणि त्यात एकच वेल लावायचा. पंधरा बाय पंधराच्या बॅगेत दोन चालतात. याहून लहान कुंडीत वेल जगतो, पण मार्चच्या दुपारी तिची माती दोन तासांत कोरडी होते आणि काकडी कडू निघते. मिश्रण असं: चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग भाताचं तूस. दहा बॅगांना मिळून सुमारे २०० लिटर लागतं. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेपासून फुगून ६५ ते ७५ लिटर होतं, म्हणजे एक वीट पुरून उरते. कोकोपीट दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्यावं, नाहीतर त्यातल्या क्षाराने रोपांच्या पानांच्या कडा करपतात. प्रत्येक बॅगेत १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी. नुसती काळी माती वापरू नये. गच्चीवर ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट होते.

भिजलेल्या एका बॅगेचं वजन २० ते २५ किलो भरतं. दहांचं दोनशे ते अडीचशे किलो. ते स्लॅबच्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, तुळईवर ओळीने मांडावं. बॅगांखाली दोन-दोन विटा घालाव्यात, म्हणजे पाणी वाहून जातं, वॉटरप्रूफिंग खराब होत नाही आणि तापलेल्या स्लॅबचा चटका मुळांना बसत नाही. बॅग पांढरी घ्यावी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या मुळ्या एप्रिलमध्ये अक्षरशः शिजतात.

प्रक्रिया न केलेल्या बिया चार तास कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत मोड येतात. मोड आलेली बी दीड ते दोन सेंटिमीटर खोल, आडवी ठेवून पेरायची. ऑगस्टमध्ये थेट बॅगेत प्रत्येकी दोन बिया पेराव्यात आणि दोन पानांवर आल्यावर कमजोर रोप उपटू नये, कात्रीने कापावं. उपटताना शेजारच्याची मुळं दुखावतात. जानेवारीत पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर असते, तेवढ्या गारव्यात बी मातीत कुजते. म्हणून तेव्हा कागदी कपात घरात, फ्रिजच्या वरच्या उबेला रोपं करतो. मात्र उगवताच कप उन्हात काढायचा, एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबोडं होऊन पडतं. काकडीला मुळं हललेली चालत नाहीत, त्यामुळे दुसरं खरं पान फुटलं की कपाचा तळ फाडून कपासकट लावावं.

पहिले पंधरा दिवस शत्रू एकच, तांबडे भुंगेरे. नारिंगी-लाल, पाच-सात मिलिमीटर लांबीचे हे किडे दोन कोवळी दलं एका सकाळीत चाळणीसारखी करतात. वेलाला चार-पाच पानं येईपर्यंत जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काड्यांवर टाकून झाकणं हा उपाय सगळ्यात भरवशाचा आहे. झाकलं नसेल तर सकाळी सातच्या आत हाताने वेचावेत, तेव्हा ते सुस्त असतात. ऊन चढलं की उडून जातात.

वेलाला सहा फूट उंच जाळी लागते. नायलॉनच्या जाळीची वीण १५ सेंटिमीटरची असावी, नाहीतर तोडताना हात आत जात नाही आणि काकडी वीणीत अडकून वाकडी वाढते. दोन बॅगांच्या मध्यांत ४५ सेंटिमीटर अंतर. जमिनीपासून एक फुटापर्यंतचे सगळे फुटवे आणि पहिल्या चार-पाच पेरांवरची फुलंही खुडायची. जीव तुटतो, पण लहान वेलाला लागलेली पहिली काकडी त्याची वाढ थांबवते. त्यावरच्या आडव्या फांद्या दोन पानांवर शेंडा मारून ठेवाव्यात, कारण नर-मादी दोन्ही फुलं येणाऱ्या वाणांत मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त लागतात. मुख्य शेंडा जाळीच्या वर पोचला की तोही खुडावा.

पाण्यात नेमकेपणा हवा, सगळी कडू आणि पोकळ काकडी इथेच तयार होते. फुलं येईपर्यंत वेलाला रोज अर्धा ते एक लिटर पाणी पुरतं. फळं धरल्यावर मार्चमध्ये दोन ते तीन लिटर, आणि तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. बोट दोन पेरं मातीत घालून ओल लागते का पाहावं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी भडाभडा पाणी, असं झालं की वेल ताणात येतो आणि कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य देठाकडच्या टोकात आणि सालीखाली साठतं. देठाकडचं टोक घासून फेस काढला की कडवटपणा जातो असं घरोघरी म्हणतात. टोक कापल्याने थोडा कमी होतो, पण मुरलेल्या लोणच्यात सालीतला कडवटपणा उतरतोच. बॅगेवर दोन इंच वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं तर पाण्याची चढउतार निम्मी होते. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर मातीवर पांढरे क्षार फुटतात. त्यासाठी दर पंधरवड्याला एकदा खालून निथळेपर्यंत पाणी द्यावं.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. मिश्रणात शेणखत असेल तर पहिले वीस दिवस काही लागत नाही. मग एकदा १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला दोन ग्रॅम. फुलं दिसू लागली की नत्र कमी आणि पालाश जास्त, म्हणजे १३:०:४५ लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेलाला एक लिटर. रासायनिक नको असेल तर दहापट पाण्यात मिसळलेलं जीवामृत त्याच बेताने द्यावं. पानं हाताच्या पंजाहून मोठी, गर्द हिरवी आणि फुलं कमी, असा वेल दिसला की नत्र जास्त झालंय हे ओळखावं आणि दोन आठवडे फक्त पाणी द्यावं.

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांत फुलं येतात. साध्या वाणाला आधी आठवडाभर नुसती नर फुलं येतात आणि गळून पडतात, ते नैसर्गिक आहे. मादी फुलामागे इवलीशी काटेरी काकडी दिसते. फूल एकच दिवस उमलतं आणि पराग सकाळीच कामाचा असतो. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या येत असतील तर काही करावं लागत नाही. येत नसतील तर सकाळी दहाच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. एका नर फुलात तीन मादी फुलं होतात. पराग अपुरा पडला की काकडी फुलाकडच्या टोकाला निमुळती राहते किंवा वाकते.

माश्यांसाठी आणि लोणच्यासाठीही दोन कुंड्या शेपूच्या ठेवाव्यात. मंडईतली शेपूची कोवळी जुडी भाजीला ठीक, पण या लोणच्याला तिचा फुलोरा लागतो, छत्रीसारखा, बी अर्धं भरलेला. म्हणून काकडीच्या दोन आठवडे आधी शेपू पेरायचा आणि त्याला खुशाल फुलू द्यायचं. फुलोरा हुकला तर बाळंतशोपा चालतात.

फळमाशी हा गच्चीवरचा सगळ्यात मोठा त्रास. मादी कोवळ्या फळात अंडी घालते. तिथे डिंकाचा बारीक थेंब दिसतो, फळ त्या बाजूला वळतं आणि आत अळ्या होतात. यावर कामगंध सापळा लावतात, पण दुकानात बहुतेक वेळा आंब्याच्या फळमाशीचा, मिथाइल युजेनॉलचा सापळा हातात देतात. काकडीवरची माशी वेगळी आहे, तिला क्यू ल्युर लागतं. पाकिटावर हा शब्द वाचूनच घ्यावं, नाहीतर सापळा महिनाभर टांगूनही काकड्या किडत राहतात. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून तो फुलं येण्याआधीच लावायचा. किडकी काकडी कंपोस्टमध्ये टाकू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून चार दिवस कडक उन्हात ठेवावी. लोणच्याला काकडी लहानच तोडतो, त्यामुळे माशीला वेळ कमी मिळतो, हा या पिकाचा मोठा फायदा आहे.

केवडा आणि भुरी यांत गल्लत होते. केवड्याचे डाग पिवळे, शिरांनी आखल्यासारखे कोनाकोनाचे आणि पानाखाली करडी-जांभळट बुरशी. हा ओलाव्याने येतो. पाणी पानांवर न टाकता मुळाशी देणं, खालची पानं काढून हवा खेळती ठेवणं आणि डागाळलेलं पान त्याच दिवशी तोडणं, एवढंच घरी जमतं. भुरी म्हणजे पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी, ती पुण्यात नोव्हेंबरपासून कोरड्या दिवसांत आणि गार रात्रींत येते. एक भाग दूध नऊ भाग पाण्यात मिसळून सकाळच्या उन्हात आठवड्याने फवारलं तर सुरुवातीला आवरते. गंधक भुरीवर चांगलं, पण उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर काकडीवर फवारू नये, पानं भाजतात. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून, संध्याकाळी. पानं आखडून हिरवी-पिवळी चितकबरी झाली तर तो विषाणू, वेल उपटून टाकायचा.

पेरणीपासून ४० ते ४५ दिवसांनी तोडणी सुरू होते. तेव्हापासून रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, एकही दिवस न चुकता जाळीची दोन्ही अंगं बघावी लागतात. ऊबदार दिवसांत काकडी एका दिवसात दुप्पट वजनाची होते. काल पाच सेंटिमीटरची दिसलेली उद्या बरणीबाहेर जाते. पानाआड राहून पिवळी पडलेली एक काकडी वेलाचं फळ धरणं मंदावते, कारण बी पक्व होऊ लागलं की वेल आपलं काम झालं असं धरतो. म्हणून निवडलेल्या दिवशी बरणीजोग्या काकड्या काढताना मोठ्या झालेल्याही तोडाव्यात. त्या कोशिंबिरीला. कात्रीने, पाच मिलिमीटर देठ ठेवून कापावं. ओढून तोडलं तर देठाशी जखम होते आणि वेलही फाटतो.

तोडल्यापासून बरणीत जाईपर्यंत जितका वेळ जातो तितकी काकडी आतून पोकळ होते, म्हणून हे काम त्याच दिवशी. बर्फाच्या पाण्यात दोन तास ठेवली की कडक होते. मग काटे हाताने चोळून काढावेत आणि फुलाकडच्या टोकाची दोन मिलिमीटरची चकती कापावी. हे टाळू नये. सुकलेल्या फुलात आणि त्या टोकात काकडी मऊ करणारी विकरं असतात आणि लोणचं लिबलिबीत होण्याचं घरगुती कारण बहुधा हेच असतं. नारायणगावकडची द्राक्षाची दोन पानं मिळाली तर बरणीच्या तळाशी घालावीत. पानांतल्या टॅनिनने काकडी करकरीत राहायला मदत होते. पण टोक कापलं नसेल तर पानांवर विसंबू नये.

खारं पाणी: एक लिटर पाण्यात ऑक्टोबरात ५० ग्रॅम आणि मार्च-एप्रिलमध्ये ६० ग्रॅम खडेमीठ, वजन करूनच. चमच्याने मोजू नये, खडेमीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही. बोअरचं पाणी टाळावं. लिटरच्या बरणीत शेपूचे दोन फुलोरे, लसणाच्या सहा पाकळ्या, चमचाभर मोहरी, दहा मिरे, एक तमालपत्र घालायचं. काकड्या उभ्या दाटून भराव्यात, दोन बोटं जागा ठेवून पाणी ओतावं आणि वर वजन ठेवावं. वजन म्हणून झिपची पिशवी वापरली तर तिच्यात साधं पाणी न भरता तेच खारं पाणी भरावं, गळली तरी मिठाचं प्रमाण बिघडत नाही. झाकण सैल ठेवून बरणी ताटात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवायची. मार्चमध्ये ताटात पाणी घालून बरणीभोवती ओलं फडकं गुंडाळावं. बाहेर ३० अंशांच्या वर गेलं की आंबणं घाईने होतं आणि काकडी मऊ पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं, हिरवा रंग ऑलिव्हसारखा उतरतो. हे सगळं बरोबर आहे. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर रोज चमच्याने काढावा. काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी, सडका वास किंवा बुळबुळीतपणा आला तर पूर्ण बरणी टाकायची, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. काकडी आडवी कापून पाहिली की कडेकडून आत पारदर्शक होत गेलेली दिसते. पांढरा गाभा उरला नाही की मुरलं. ऑक्टोबरात सहा ते आठ दिवस, मार्चमध्ये चार-पाच. सामूच्या (पीएचच्या) कागदावर चार किंवा कमी यायला हवं. मग झाकण घट्ट करून फ्रिजमध्ये.

व्हिनेगरचं करायचं तर बाटलीवरचं प्रमाण वाचावं. परदेशी कृती पाच टक्क्यांचं व्हिनेगर धरून निम्मं पाणी सांगतात, आपल्याकडे बहुधा चार टक्क्यांचं मिळतं. तेवढाच आंबटपणा यायचा तर ६२५ मिलिलिटर व्हिनेगरला ३७५ मिलिलिटर पाणी, त्यात ४० ग्रॅम मीठ, उकळून गरम असतानाच ओतायचं. हे लोणचं फ्रिजमध्येच ठेवायचं, कपाटात नाही.

वेल महिना-सव्वा महिना फळ देतो, मग काकड्या आखूड आणि वाकड्या येऊ लागतात. तेव्हा खत वाढवून ताणू नये. वेल बुडाशी कापून मुळं उकरून पाहावीत. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. त्या बॅगेतली माती मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात पसरायची, आणि पुढच्या हंगामात तिच्यात काकडी, दोडका किंवा भोपळा न लावता झेंडू लावायचा.